शुक्रवारपासून उलटं मोजत

सिनेमाचा शुक्रवार पक्का झाला की कॅलेंडर पुढ्यात घ्या आणि उलटं मोजत या. छोट्या मराठी सिनेमासाठी माझा हिशेब ठरलेला: ट्रेलर तीन-चार आठवडे आधी, टीझर त्याच्याआधी महिनाभर, पहिलं पोस्टर त्याच्याही आधी. ट्रेलर फार लवकर टाकला तर तिकीट काढायच्या दिवसापर्यंत लोक विसरून गेलेले असतात.

पोस्टरची तयारी मात्र शूटिंगमध्येच. एक अख्खा दिवस स्टिल फोटोग्राफरला द्या. दिग्दर्शक कुरकुरेल, कुरकुरू दे. नंतर नायिका मालिकेसाठी केस कापून येते आणि सिनेमातली फ्रेम उचलून पोस्टर करायची पाळी येते. ती फ्रेम फोनवर बरी दिसते, वीस फुटांच्या फ्लेक्सवर फुटते. फोटोत कुणाच्या हातात सिगारेट नको. पडद्यावर इशारा देऊन चालतं, पोस्टरवर तंबाखूचं दृश्य चालतच नाही.

डिझाइन आलं की लॅपटॉपवर बघून मान डोलावू नका. पोस्टकार्डाएवढं छापा, भिंतीला लावा, दहा पावलं मागे या. दादरचा पूल उतरणारा माणूस त्याहून जास्त वेळ देत नाही. नाव, एक चेहरा, तारीख एवढं दिसलं की पास. एम. एफ. हुसेन उमेदवारीच्या काळात याच शहरात सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. हाताने रंगवणाऱ्याला लांब जाऊन बघण्यावाचून गत्यंतर नसे. फ्लेक्स आला आणि ती सवय गेली.

आता मजकूर, आणि इथे जरा थांबा. माझ्या एका सिनेमाच्या पोस्टरवर तारीख बरोबर होती, वार चुकला होता. सहा जणांनी तपासलं होतं, मीही त्यातला. चूक दाखवली ती आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने. तेव्हापासून पोस्टर सिनेमाशी संबंध नसलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतो. फाइल छापखान्यात पाठवण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकारांत बदला, नाहीतर तिथल्या कॉम्प्युटरवर वेलांटी एकीकडे आणि रफार भलतीकडे जातो. नावांचा क्रम करारपत्र समोर ठेवून लावा. फोनवर ‘चालेल की’ म्हणणारे कलाकार पोस्टर बघितल्यावर तसं म्हणत नाहीत.

रात्री पोरं पाठवून भिंतींवर पोस्टर चिकटवणं बंद. मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा कायदा आहे आणि पोस्टरवर निर्मात्याचं नाव आपणच ठळक छापलेलं असतं. होर्डिंग घेताना एजन्सीकडे पालिकेच्या परवान्याची प्रत मागा. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली, त्यामुळे हा प्रश्न विचारायला संकोच नको.

ट्रेलरचे दोन हिशेब वेगळे ठेवा. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर लागत नाही, थिएटरमध्ये दाखवायला लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, पण दिवस हाताशी ठेवा. ट्रेलरला ‘ए’ मिळालं तर तो ‘यू’ सिनेमाला जोडता येत नाही, म्हणून ती एक शिवी खरंच हवी का, हे एडिट टेबलवरच ठरवा. थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे तिथल्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत लागते. फ्लॅट आणि त्याहून रुंद स्कोप, चित्राचे दोन्ही आकार करून ठेवा. फोनसाठी उभा कट वेगळा, त्यावर मराठी अक्षरं मोठी, कारण लोकलमध्ये निम्मे लोक आवाज बंद करून बघतात. आणि शेवटच्या वीस मिनिटांतलं काहीही ट्रेलरमध्ये घालू नका. एडिटर हट्ट करेल, कारण चांगले शॉट तिथेच असतात.

ट्रेलर लागला का, हे तिकीट काढून स्वतः बघा. गुरुवारी संध्याकाळी थिएटरांची चक्कर मारा. स्टँडी, म्हणजे लॉबीत उभं करायचं पुठ्ठ्याचं पोस्टर, बहुतेक वेळा पार्किंगजवळ खोक्यातच सापडतं. कटर आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पिशवीत असू द्या.