सायनसचा कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच्या आधी काय काय विचारून घ्यायचं

माझे मामा सुतार, सगळं आयुष्य लाकडाच्या भुशात गेलं. एकाच बाजूचं नाक चोंदायचं, मधूनच रक्त यायचं, गाल बधिर, मग वरची दाढ हलायला लागली म्हणून काढली आणि ती जखम भरेचना तेव्हा कुठे सीटी झाला. गालाच्या सायनसमध्ये गाठ. सायनस आतून पोकळ त्यामुळे गाठ गुपचूप वाढते, म्हणून सगळं एकाच बाजूला होतंय आणि दोन-तीन आठवड्यांत थांबत नाहीये तर सर्दीच्या गोळ्या खात बसू नका, नाकात दुर्बीण घालून बघून घ्या.

गाठीचा तुकडा काढून तपासतात (बायोप्सी), त्याचा रिपोर्ट आला की सीटी आणि एमआरआय दोन्ही करतात, एकात हाड किती खाल्लंय ते दिसतं, दुसऱ्यात डोळ्याकडे-मेंदूकडे सरकलंय का ते. बहुतेकदा आधी ऑपरेशन, मग आठवड्याला पाच दिवस असा साधारण सहा आठवडे शेक (म्हणजे रेडिएशन), गरज पडली तर सोबत किमो. फुले जन आरोग्य योजनेतून करणार असाल तर मंजुरी आधी घ्यायची असते.

शेक सुरू व्हायच्या आत दात दाखवा, हे फार महत्त्वाचं आहे. किडलेले दात आधीच काढून जखम भरू द्यायची, कारण शेक लागलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडू शकतं.

तोंडातली टाळू काढणार असतील तर तिथलं भोक बंद करणाऱ्या प्लेटचं ऑपरेशनच्या आधीच विचारा, माप तेव्हाच घेतात. मामांची प्लेट पहिल्यांदा धुवायला काढली तेव्हा चहाचा घोट नाकातून आला, त्यांनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. प्लेट परत बसवल्यावर तोच चहा प्यायले, बोलणंही कळायला लागलं.

पुढे किती आशा? सगळ्या स्टेज धरून साधारण निम्मे पेशंट पाच वर्षं काढतात. सायनसच्या आतच सापडला तर बरेच जास्त, डोळा, मेंदू किंवा मानेच्या गाठींपर्यंत गेला असेल तर कमी. कुठल्या पेशींचा आहे आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या कडा क्लिअर आल्या का, म्हणजे कडेला कॅन्सर उरला नाही ना, हे डॉक्टरांना सरळ विचारा. परत आला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत त्याच जागी येतो, तेवढ्या तपासण्या चुकवू नका.

आणि तोंड उघडायचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज, नाहीतर जबडा आखडतो. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. मामा आठवर होते, आता चौदा जातात.