सिगारसाठी आइस बॉक्सचा ह्युमिडॉर: घरच्या घरी कसा तयार करावा

सिगार वाळली तरी वाया जाते आणि जास्त ओलावली तरीही. तंबाखूची पानं हवेतला ओलावा सतत घेत-सोडत असतात. पावसाळ्यात मुंबईच्या किंवा कोकणातल्या घरात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. तिथे कपाटात ठेवलेल्या सिगार फुगतात, पेटवल्या तर मध्येच विझतात आणि बघता बघता त्यांना बुरशी धरते. विदर्भात मे महिन्यात उलटी तऱ्हा. हवा इतकी कोरडी होते की सिगारचं बाहेरचं नाजूक पान हात लावताच तडकतं. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. हे आकडे वर्षभर फारसे हलायला नकोत.

ह्युमिडॉर म्हणजे सिगारचा ओलावा कायम राखणारी पेटी. दुकानात मिळणारी लाकडी ह्युमिडॉर पेटी दिसायला देखणी असते, पण स्वस्तातल्या पेट्यांची झाकणं नीट बसत नाहीत आणि ऋतू बदलला की लाकूडही फुगतं, आक्रसतं. अमेरिकेतल्या शौकिनांनी यावर फार पूर्वीच तोडगा काढला: सहलीला थंड पेयं नेण्याचा कूलर, म्हणजे आपला आइस बॉक्स, घ्यायचा आणि त्यातच सिगार ठेवायच्या. तिकडे त्याला कूलिडॉर म्हणतात. आपल्या हवामानाला तर स्वस्त लाकडी पेटीपेक्षा हाच उपाय जास्त चांगला, असं माझं ठाम मत आहे. प्लॅस्टिक ओलावा पीत नाही, दोन भिंतींमधला फोम बाहेरच्या उन्हाचा परिणाम सावकाश आत येऊ देतो आणि झाकण घट्ट बसतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. हा डबा जे आत असेल ते फक्त धरून ठेवतो. ओलावा तुम्हाला द्यावा लागतो, गारवाही तुम्हालाच शोधावा लागतो. त्यातलं ओलाव्याचं काम सोपं आहे. आपल्याकडे खरी कसोटी लागते ती उष्णतेपाशी.

डबा निवडताना

२५ ते ५० सिगार असतील तर वीस-पंचवीस लिटरचा आइस बॉक्स पुरतो. फार मोठा घेऊ नका. अर्धा रिकामा डबा उघडला की आतली बरीच हवा एकदम बदलते आणि आर्द्रतेचा आकडा परत जागेवर यायला वेळ लागतो. भरलेल्या डब्यात सिगार आणि लाकूड स्वतःच ओलावा सांभाळून घेतात.

झाकण हातात घेऊन बोटांनी वाजवून बघा. बऱ्याच स्वस्त कूलरच्या भिंतींत फोम असतो, पण झाकण मात्र आतून पोकळ असतं. असं झाकण टकटक वाजतं; फोम भरलेल्या झाकणाचा आवाज दबका येतो. दुसरी परीक्षा कागदाची. कागदाची पट्टी काठावर ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना ती अडकून बसली पाहिजे. एखाद्या बाजूने सहज सरकली, तर तिथून हवा जाणार. थोडीच फट असेल तर दारं-खिडक्यांना लावतात ती चिकटणारी फोमची पट्टी काठाला लावून काम भागतं.

थर्मोकोलची पेटी नको. ती भुरभुरते, तुटते आणि तिचं झाकण हवाबंद बसत नाही. मासे किंवा मटण आणायला वापरलेला कूलर तर कितीही घासला तरी घेऊ नका. प्लॅस्टिकमध्ये मुरलेला वास बंद डब्यात परत बाहेर येतो आणि तंबाखू तो शोषून घेते.

वास घालवणं

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. नव्या प्लॅस्टिकचा वासही सिगारची चव बिघडवतो. कोमट पाण्यात भांडी घासायचा सौम्य, बिनवासाचा साबण घालून डबा आतून धुवा. मग पाण्यात खायचा सोडा कालवून त्या पाण्याने पुसा आणि स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्या. फिनेल, डेटॉल, ब्लीच यांतलं काही वापरू नका.

डबा झाकण उघडं ठेवून सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस वाळू द्या. त्यानंतर एका वाटीत कोरडा खायचा सोडा आत ठेवून झाकण लावा आणि चार-पाच दिवस तसाच राहू द्या. मग झाकण उघडून लगेच नाक आत घाला. काहीही वास आला नाही पाहिजे. आला, तर सोडा बदला आणि पुन्हा थांबा. ‘थोडासाच तर वास आहे’ म्हणून पुढे गेलात, तर महिन्याभराने तो प्रत्येक सिगारमध्ये सापडेल.

पाणी काढायचं बूच

मोठ्या कूलरला तळाशी बर्फाचं पाणी सोडायचं बूच असतं. ओलावा बाहेर जाण्याची ही ठरलेली वाट. बूच घट्ट लावा आणि बाहेरच्या बाजूने सिलिकॉन सीलंटने बंद करा. सीलंट पूर्ण वाळेपर्यंत व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. म्हणून हे काम डबा धुण्याआधीच उरकलेलं बरं, म्हणजे वास उडायला दिवस मिळतात. नंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्च पेटवून डब्यात ठेवा, झाकण लावा आणि बाहेरून चहूबाजूंनी बघा. उजेडाची रेघ दिसली की फट सापडली.

आतलं लाकूड

सिगारच्या पेट्या ज्या लाकडाच्या करतात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात. त्याचा स्पेनशीही संबंध नाही आणि देवदाराशीही नाही. सेद्रेला ओडोराटा नावाचं हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड महोगनीच्या कुळातलं आहे. ते ओलावा धरतं आणि सोडतं, त्याचा मंद वास तंबाखूला शोभतो. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे सिगारच्या दुकानातून रिकाम्या लाकडी पेट्या मागून आणा. दुकानदार बहुधा देतात. झाकणं काढून त्या पेट्या तशाच ट्रेसारख्या आत ठेवता येतात.

पेट्या मिळाल्या नाहीत तर वखारीत तून नावाच्या झाडाचं लाकूड विचारा. हे झाड स्पॅनिश सीडरचं जवळचं नातेवाईक आहे आणि भारतात सिगारच्या पेट्यांसाठी वापरलंही गेलं आहे. सुताराकडून पातळ फळ्या रंधून घ्या. पॉलिश, वॉर्निश, फेव्हिकॉल काही लावू देऊ नका. खाचा करून किंवा छोट्या खिळ्यांनी जोडून घ्या. देवदार टाळा, त्याच्या तेलाचा वास फार उग्र असतो. चीडही नको, त्यातून राळ सुटते. प्लायवूड तर त्यातल्या गोंदामुळे मुळीच नको.

फळ्या डब्याच्या भिंतींना चिकटवू नका. तळाशी आणि बाजूंनी बोटभर जागा सोडा, म्हणजे हवा खेळती राहील.

हायग्रोमीटर तपासून घ्या

आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर लागतो. नवा असला तरी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चार-पाच टक्क्यांचा फरक असू शकतो. तपासायची युक्ती स्वयंपाकघरातच आहे. बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्या आणि त्यात थेंबथेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये. हे टोपण आणि हायग्रोमीटर एका झिपलॉक पिशवीत शेजारी शेजारी ठेवा, पिशवीत थोडी हवा राहू द्या आणि ती बंद करून रात्रभर एका जागी सोडा. मिठाच्या अशा ओल्या लगद्याभोवतीची हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. सकाळी तुमचं यंत्र ७१ दाखवत असेल तर ते चारने कमी सांगतं. आकडा चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या पाठीला चिकटवून टाका.

ओलावा कशाने द्यायचा

नवशिक्याने बोवेदा कंपनीच्या पुड्या घ्याव्यात. या पुडीत मिठाचं संपृक्त द्रावण असतं आणि ते दोन्ही बाजूंनी काम करतं: हवा कोरडी झाली तर ओलावा सोडतं, दमट झाली तर ओढून घेतं. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही सोसणाऱ्या घरात हा गुण फार मोलाचा. ६० ग्रॅमची एक पुडी साधारण २५ सिगारना पुरते, ३२० ग्रॅमची शंभरेक सिगारना. डब्याच्या क्षमतेवरून हिशेब करा. चार पुड्या लागत असतील तर पाच टाकल्याने बिघडत नाही, कारण आकडा पुडीवर छापलेल्या टक्क्यांच्या वर जात नाही.

कोणत्या टक्क्यांची घ्यायची? पुस्तकी उत्तर ६९. पण घरात २६-२८ अंश तापमान सहज असतं तिथे मी ६५ चीच सुचवेन. उबदार आणि दमट हवा बुरशीला आवडते. शिवाय २८ अंशांना ७० टक्के आर्द्रता असलेल्या डब्याची एखादी बाजू एसीच्या झोतात २१-२२ अंशांपर्यंत गार झाली, तर तिथे आतून दव धरू लागतं. ६५ टक्क्यांना थोडी सूट मिळते. डबा जितका घट्ट, तितका कमी आकडा चालतो, आणि हा डबा घट्टच असतो.

दुसरा, स्वस्त मार्ग सिलिका जेलच्या खड्यांचा. मांजरांच्या ट्रेमध्ये घालायला जे पारदर्शक खडे मिळतात, त्यातले बिनवासाचे, बिनरंगाचे घ्या. जाळीच्या पिशवीत भरा आणि डिस्टिल्ड पाण्याचा हलका फवारा मारा. सगळे खडे ओले करायचे नाहीत, काही कोरडे राहिले पाहिजेत. पुडीइतकं अचूक काम ते करत नाहीत, त्यामुळे महिना-दोन महिने आकड्यावर नजर ठेवून पाण्याचं प्रमाण ठरवावं लागतं. नळाचं पाणी क्षार आणि बुरशीचे कण घेऊन येतं, ते नको. गॅरेजमध्ये सुटं मिळणारं बॅटरीचं पाणीही नको, डिस्टिल्ड पाण्याची सीलबंद बाटली घ्या. ओला स्पंज, सफरचंदाची फोड, बटाट्याचा काप हे जुने उपाय सरळ सोडून द्या. बंद डब्यात त्यांनाच आधी बुरशी येते.

सिगार लगेच भरू नका

लाकडी ट्रे, पुड्या आणि हायग्रोमीटर आत ठेवून झाकण लावा आणि आठवडाभर थांबा. कोरडं लाकूड आधी स्वतः ओलावा पितं. या काळात सिगार आत असतील तर ते त्यांच्यातलाही ओलावा ओढेल. सलग दोन-तीन दिवस आकडा एकाच जागी राहिला की डबा तयार झाला.

सिगारवरचं सेलोफेन तसंच राहू द्या. त्यातून ओलावा ये-जा करतो आणि पान हाताळताना फाटत नाही. नळीतल्या सिगारचं टोपण मात्र सैल करा. व्हॅनिला, कॉफी अशा स्वादाच्या सिगार या डब्यात मुळीच ठेवू नका. त्यांच्यासाठी वेगळा हवाबंद डबा आणि वेगळी पुडी.

भुंगेरा

तंबाखूचा भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, हा तांबूस रंगाचा इवलासा किडा. त्याची अंडी पानांतूनच घरी येऊ शकतात. तापमान २४-२५ अंशांच्या वर गेलं की ती उबण्याचा धोका वाढतो, आणि आपल्या घरांत ते वर्षातले बरेच महिने वरच असतं. किड्याने पोखरलेल्या सिगारला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसतात आणि खाली बारीक भुकटी पडते. एका सिगारमधून तो शेजारच्यांत जातो.

म्हणून नवी सिगार आत ठेवण्याआधी गोठवून घ्या. एकात एक अशा दोन झिपलॉक पिशव्यांत घालून हवा काढा. एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि शेवटी एक दिवस खोलीत. पायऱ्या गाळल्या तर पान तडकू शकतं. पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार सिगारवर दव जमतं. मोठे उत्पादक माल पाठवण्याआधी गोठवतात, पण वाटेत आणि दुकानात काय झालं ते आपल्याला कळत नाही. आपल्या हवेत मी ही पायरी कधीच वगळणार नाही.

डबा ठेवायचा कुठे

घरातली सगळ्यांत गार जागा शोधा: खालच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली, पलंगाखालची फरशी, कपाटाचा तळ. पश्चिमेच्या भिंतीला, माळ्यावर, गाडीच्या डिकीत किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. बर्फाच्या थैल्या आत घालायचा मोह होईल. त्यांच्यावर दव धरतं आणि तेच पाणी सिगारवर येतं. फ्रिजमध्येही ठेवायचं नाही, तिथली हवा कोरडी असते आणि वास येतात ते वेगळेच. विदर्भ-मराठवाड्यात खोलीचं तापमान महिना-दोन महिने ३२ अंशांच्या वर राहत असेल आणि संग्रह मोठा असेल, तर हा डबा पुरेसा नाही. तिथे वाईनसाठी मिळणारा, विजेवर गार राहणारा छोटा थर्मोइलेक्ट्रिक कूलर घ्यावा लागेल.

घरात मुलं असतील तर डब्याला कुलूप हवंच. तंबाखू कोणत्याही रूपात कर्करोगाला कारण ठरते, सिगारही त्याला अपवाद नाही. शिवाय १८ वर्षांखालच्या व्यक्तीला ती विकणं कायद्याने गुन्हा आहे.

नंतरची देखभाल

आठवड्यातून एकदा झाकण उघडून पाच मिनिटं वारा द्या. पावसाच्या झडीत मात्र पटकन बघून बंद करा. महिन्यातून एकदा वरच्या ट्रेमधल्या सिगार खाली आणि खालच्या वर करा, कारण वर आणि तळाशी ओलावा सारखाच असेल असं नाही. पुडी हाताने दाबून बघा. मऊ आहे तोवर ठीक, आत कडक खडे लागले की बदला. पावसाळ्यात फुगून टम्म झाली, तर झाकणातून बाहेरची हवा आत येते आहे. कागदाच्या पट्टीची परीक्षा पुन्हा करा. सिगारही अंगठा आणि बोटात धरून हळूच दाबा. किंचित दबून परत फुगली पाहिजे. कडक लागली किंवा चरचरली तर कोरडी आहे, दबून तशीच राहिली तर ओली.

एखाद्या सिगारवर पांढरी किंवा हिरवट, केसाळ बुरशी दिसली तर ती लगेच बाहेर काढून टाका, ट्रे पुसून वाऱ्यावर वाळवा आणि शेजारच्या सिगार उजेडात एकेक तपासा. पेटवायच्या टोकाशी, म्हणजे पानांच्या घड्या उघड्या दिसतात तिथे, आधी बघा. तिथपर्यंत बुरशी पोचली असेल तर ती सिगारही काढून टाकायची.