जिबूतीहून मालाची चौकशी आली तर आधी काय बघाल

जिबूतीहून तांदळाची चौकशी आली की दाणाबंदरातले शेठ विचारतात, "पार्टी पक्की आहे का?" मी वाशीत निर्यातीचे कागद करते. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: हा तांदूळ खाणार कोण?

जिबूतीची लोकसंख्या जेमतेम १० लाख, शेती नावापुरती. पण पाठीमागे इथिओपिया आहे. तिथे १२ कोटींच्या वर माणसं, आणि स्वतःचा किनारा नाही. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला, १९९८ मध्ये दोघांचं युद्ध पेटलं आणि एरिट्रियातलं असाबचं बंदर इथिओपियाला बंद झालं. तेव्हापासून त्यांचा सुमारे नव्वद टक्के व्यापार जिबूतीवरून चालतो. तेव्हा एखादी छोटी जिबूती कंपनी दरमहा वीस कंटेनर मागत असेल, तर ती गावात विकायला मागत नाहीये. सरळ विचारा: माल जिबूतीत उतरून तिथेच राहणार, की पुढे जाणार? उत्तर मेलवरच घ्या. फोनवरचं "हो हो, नो प्रॉब्लेम" मी धरत नाही.

हे आधी विचारायचं कारण पैसा. जिबूतीचा फ्रँक १९७३ पासून डॉलरला १७७.७२१ या एकाच दराने बांधलेला आहे. तिथल्या आयातदाराला डॉलर मिळवायला फारसा त्रास होत नाही. इथिओपियातल्या खरेदीदाराचं तसं नाही. तिथे बँकेकडे परकीय चलन असेल तेव्हा पैसे सुटायचे. जुलै २०२४ मध्ये त्यांनी बिरचा, म्हणजे त्यांच्या चलनाचा, दर बाजारावर सोडला, पण माझा सल्ला बदललेला नाही. इथिओपियन बँकेची एलसी, म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे देण्याची बँकेची हमी, आली तर ती तिसऱ्या देशातल्या चांगल्या बँकेकडून कन्फर्म करून मागा, म्हणजे ती बँकही हमी घेईल. आणि ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्धचा सरकारी कंपनीचा, विमा घ्या. कन्फर्मेशनचा खर्च कोण देणार हे भाव ठरवतानाच बोला. नंतर कोणी देत नाही.

आता कंपनी. जिबूतीत बंदरं, टेलिफोन, वीज सगळं सरकारच्या हातात. खाजगीत उरतात ते आयातदार, गोदामवाले, ट्रकवाले आणि ट्रान्झिटवाले, म्हणजे आपल्याकडचे क्लिअरिंग एजंट. व्यापारी नोंदणीचा उतारा आणि करक्रमांक मागवा. कागद फ्रेंचमध्ये येतील. नाव अक्षर न् अक्षर जुळवा. नावापुढे 'एसएआरएल' असेल तर ती आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी. मग बघा धंदा काय लिहिलाय. ट्रान्झिट एजंटच खरेदीदार म्हणून सही करत असेल तर खरा मालक मागे आहे. त्याचं नाव कळल्याशिवाय मी इनव्हॉइस काढत नाही.

बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, सगळ्यात जास्त वेळ घालवा. माल इथिओपियाला जाणार असेल तर तसं त्यावर स्पष्ट छापलेलं हवं, आणि खरेदीदाराचं नाव व एलसीत मागितलेले क्रमांक जसेच्या तसे. जहाज सुटल्यावर दुरुस्ती म्हणजे लाइनचा (जहाज कंपनीचा) चार्ज, तिथल्या एजंटचा चार्ज, आणि तोवर कंटेनर यार्डात उभा. मल्टिमोडल बिल, म्हणजे समुद्र आणि जमीन दोन्हींच्या प्रवासाचं एकच बिल, असेल तर माल वाहतूक कंपनीमार्फत इथिओपियातल्या मोजोसारख्या कोरड्या बंदरापर्यंत (देशाच्या आतल्या कंटेनर डेपोपर्यंत) जातो. नाहीतर खरेदीदाराने जिबूतीतच सोडवायचा. दोन्हींत जबाबदारी वेगळी. शिवाय कंटेनर रिकामा होऊन परत जिबूतीला यायला हवा. अदिस अबाबापर्यंतची विजेवरची रेल्वे साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे, २०१८ पासून नियमित चालते, तरी बराच माल अजून ट्रकनेच जातो. ट्रकचा भरवसा घाटातल्या गर्दीइतकाच. म्हणून लाइनकडून डिटेन्शनचे, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याच्या दंडाआधीचे, फ्री दिवस जास्त मागा, लेखी घ्या, आणि त्यापुढचा खर्च खरेदीदाराचा असं करारात घाला.

कागदांचे जुने नमुने कॉपी करू नका. जिबूतीतल्या दोरालेहचा कंटेनर टर्मिनल २००९ मध्ये डीपी वर्ल्डने चालू केला, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला आणि चालवणारी कंपनी बदलली. खटले लंडनपर्यंत गेले. तुम्हाला त्यात पडायचं नाही. बंदराच्या रकान्यात 'जिबूती' एवढंच लिहा. पोत्यांचा सुटा माल असेल तर तो कुठल्या धक्क्यावर लागणार हे एजंटला विचारा, कारण कंटेनरचा आणि सुट्या मालाचा धक्का वेगळा.

अमेरिका, फ्रान्स, चीन, जपान, इटली यांचे लष्करी तळ तिथे आहेत. "तळाला पुरवठा करतो" म्हणणाऱ्याकडून आधी त्याचं कंत्राट बघा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

फोनचं गणित सोपं आहे. शुक्रवार-शनिवार त्यांची सुट्टी, रविवार आपली. राहिले सोमवार ते गुरुवार. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, आणि दुपारी तिथे 'खात' नावाची नशेची पानं चघळायची वेळ होते. आपल्या साडेअकरा ते साडेतीनच्या दरम्यान फोन लावा.