पळणं आवडत नसताना पळायची सवय कशी लावावी

‘मला पळायला आवडत नाही’ म्हणणाऱ्याला जरा खोदून विचारा, उत्तरं वेगवेगळी येतात. कोणाला धाप नको असते, कोणाला पहाटेचा गजर. कोणाला लोक बघतात याची लाज वाटते आणि कोणाला नुसताच कंटाळा येतो. चौघांवरचे उपाय चार आहेत. म्हणून सुरुवात बूट खरेदीने करू नका. आपल्याला नक्की काय नकोय ते आधी एका ओळीत लिहून काढा. ‘शिस्त नाही’ असलं मोघम उत्तर चालणार नाही. ‘पहिल्याच मिनिटात दम लागतो’ हे चालेल.

आवड निर्माण होईल का, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवलेला बरा. काहींना पुढे गोडी लागते, काहींना वर्षानुवर्षं लागत नाही आणि तरी ते आठवड्यातून तीनदा पळून येतात.

पहिलं काम : वेग लाज वाटेल इतका कमी करा

माझ्या मते दहातल्या आठ जणांची तक्रार इथेच मिटते. शाळेत आपण शंभर मीटरच्या शर्यतीत पळायला शिकलो आणि पळणं म्हणजे जीव तोडून धावणं हे तेव्हापासून डोक्यात बसलं. मोठेपणी ट्रॅकवर उतरलो की पाय त्याच वेगाने निघतात, दोन मिनिटांत छाती भरून येते, बरगडीखाली चमक निघते आणि ‘हे आपलं काम नाही’ असा निकाल लागतो. खरं तर चुकलेला असतो फक्त वेग.

योग्य वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. पळता पळता सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर आपला पत्ता पिनकोडसकट मोठ्याने म्हणून बघा. मध्येच श्वास तुटला तर वेग जास्त आहे. सुरुवातीला हा वेग भराभर चालण्याइतकाच असेल. ठाण्यातल्या कचराळी तलावाला फेऱ्या मारणारे आजोबा तुम्हाला मागे टाकून जातील. जाऊ द्या त्यांना, त्यांचा वीस वर्षांचा सराव आहे.

तरीही दम लागत असेल तर मधे मधे चाला. चालणं म्हणजे हार मानणं, हा समज सोडून द्या. १९७२च्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी १९७४पासून नवख्यांना पळणं-चालणं आलटून पालटून करायला लावलं आणि पुढे हीच त्यांची ओळख झाली. १९९६ साली जॉश क्लार्क यांनी ‘काउच टू फाइव्ह के’ (सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत) हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला, त्याचाही पाया हाच. त्याचा पहिला आठवडा असा : पाच मिनिटं भराभर चालायचं, मग ६० सेकंद सावकाश पळायचं, ९० सेकंद चालायचं आणि हे २० मिनिटं करत राहायचं. आठवड्यातून तीन दिवस. नवव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास पळणं जमावं, अशी त्याची बांधणी आहे. त्याची मोफत ॲप मिळतात आणि कधी पळायचं, कधी चालायचं ते कानात सांगतात. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. नऊच्या जागी पंधरा आठवडे लागले म्हणून कोणी दंड करत नाही.

वेळ ठरवताना रोजच्या एखाद्या कामाला धरून ठरवा

‘सकाळी जमेल तेव्हा’ ही वेळ कधीच उगवत नाही. सवयीवरचा एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एक नवं काम रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायला सांगितलं, जसं ‘नाश्त्यानंतर’. २०१०मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात काम अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा आकडा १८पासून २५४ दिवसांपर्यंत गेला (बारा आठवड्यांपुढचे आकडे अंदाजाने काढलेले). २१ दिवसांत सवय लागते हे व्हॉट्सॲपवरचं गणित विसरा. दिलासा देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला म्हणून सवय बनण्यात फारसा फरक पडला नाही.

यातून दोन गोष्टी करायच्या. एक, पळणं एखाद्या पक्क्या कामाला जोडायचं. ‘चहाचा कप विसळून ठेवला की बूट घालायचे’, ‘मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवलं की तसंच पुढे उपवनला जायचं’. दोन, पळणं आठवड्यातून तीनच दिवस असलं तरी ती वेळ रोज राखायची. पायांना मधे विश्रांती लागते, पण वेळेला सुट्टी दिली की ती वेळ झोप आणि मोबाइल बळकावतात. उरलेल्या दिवशी त्याच वेळी वीस मिनिटं चालून या.

लोकल पकडून मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. सकाळी साडेसातला घर सोडायचं असेल तर पहाटे पाचला उठण्याच्या शपथा घेऊ नका, झोप मोडून लावलेली सवय टिकत नाही. त्यांनी संध्याकाळ धरावी. फक्त घरी येऊन सोफ्यावर टेकायचं नाही. दारात पिशवी ठेवायची, कपडे बदलायचे आणि निघायचं. पाच मिनिटं जरी बसलात तरी त्या दिवशीचा विषय संपला. ‘अरे, आधी दोन घास खाऊन तरी जा’ असं आई म्हणणारच. तेव्हा एखादं केळं तेवढं खा, जेवण आल्यावर.

जागा : घराजवळची, कंटाळवाणी असली तरी

चांगल्या जागेच्या शोधात रिक्षाने वीस मिनिटं जावं लागलं तर ती जागा चांगली नाही. पाचपाखाडीकरांना कचराळी सोयीचं आहे, ट्रॅक सपाट आहे आणि सकाळी माणसांची सोबत असते. उपवन तलावाचा परिसर सकाळी छान असतो, रविवारी मात्र गर्दी होते. तलावपाळी पळायला अवघड, कारण फूटपाथवर खाणारे, फिरणारे आणि घोडागाडीची वाट पाहणारे यांच्यातून वाट काढावी लागते. फार पहाटे गेलात तरच जमेल. घोडबंदर रोडच्या कडेने पळू नका. तिथली धूळ आणि डंपर पाहता सोसायटीच्या आतल्या फेऱ्या बऱ्या. कोलशेतच्या सेंट्रल पार्क या बागेत जायचं असेल तर वेळा आणि तिकीट आधी पाहून घ्या.

येऊरबद्दल वेगळं सांगायला हवं. सगळ्यांना येऊरच आवडतं आणि तेच नवख्यांसाठी सगळ्यात वाईट. सतत चढ असल्याने बोलता येईल असा वेग तिथे राखताच येत नाही. शिवाय हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, बिबट्यांचा वावर आहे. अंधारात एकट्याने जाऊ नये. पहिले तीन-चार महिने येऊरला फक्त चालायला जा.

लोक बघतात याची लाज वाटत असेल तर थोडा अंधार आणि जुना टी-शर्ट पुरतो. तिसऱ्या आठवड्यात लक्षात येतं की बघणारे फोनवर बोलत होते.

कंटाळ्यासाठी

एखादा आवडता पॉडकास्ट किंवा ऐकायची कादंबरी निवडा आणि ती पळतानाच ऐकायची असं ठरवा. रस्त्यावर एकच कान झाका, रिक्षा मागून कधी येईल सांगता येत नाही. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ही युक्ती करून पाहिली होती. खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या ज्यांना फक्त जिममध्येच ऐकायला मिळाल्या ते सुरुवातीला जास्त वेळा जिमला आले, पण हा परिणाम हळूहळू ओसरला आणि सणाच्या सुट्टीनंतर तर पार उतरला. त्या सुट्टीकडे शेवटी पुन्हा येऊ.

पाय, पाऊस, हवा

बूट पळण्याचेच घ्या, महागच हवेत असं नाही. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर येतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलावे लागतात, म्हणजे आपल्या हिशेबाने वर्षभर तरी चिंता नाही. छाती आणि श्वास लवकर तयार होतात, नडगी आणि घोट्याचे स्नायुबंध उशिरा. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात ‘आता जमतंय’ म्हणून एकदम वाढवलं की नडगी दुखू लागते. दुखणं पळताना वाढत असेल तर आठवडाभर फक्त चाला. चाळिशी ओलांडली असेल आणि बीपी, साखर किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा.

पावसाळ्यात भिजायला हरकत नाही. साचलेल्या पाण्यातून मात्र पळू नका, पायाला छोटी जखम असली तरी लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि नेहमीच्याच वेगाला जास्त दम लागतो. मे आणि ऑक्टोबरमध्येही तसंच. त्या दिवसांत वेळ तेवढाच ठेवा, वेग उतरवा. हिवाळ्यात सकाळी धुरकं दाटलेलं दिसलं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा आकडा बघा. २००च्या वर असेल तर त्या दिवशी घरातच व्यायाम करा किंवा सोसायटीचा जिना चढा.

गणपतीनंतरचा सोमवार

सवय मोडते ती एका चुकलेल्या दिवसाने क्वचितच. ती मोडते गणपतीत, लग्नसराईत, गावी गेल्यावर, तापानंतर. आठवडाभर खंड पडला तर जिथे होतात तिथूनच पुढे चला. दोन आठवडे पडला तर कार्यक्रमात दोन आठवडे मागे जा. महिनाभर पडला तर ६० सेकंद आणि ९० सेकंदांपासून पुन्हा, यावेळी पायऱ्या लवकर चढाल. परत येण्याची तारीख मात्र सुट्टी लागण्याआधीच कॅलेंडरवर लिहा : विसर्जनानंतरचा पहिला सोमवार, फक्त दहा मिनिटं. त्या दिवशी ऐकायला कादंबरीचं नवं प्रकरण राखून ठेवा आणि बूट आदल्या रात्रीच दाराशी काढून ठेवा.