लहानपणी वाचलेले, नाव विसरलेले पुस्तक कसे शोधावे

लहानपणी पारायणे केलेले एखादे पुस्तक मोठेपणी अचानक आठवते, पण ते अर्धेमुर्धेच. एक चित्र आठवते, एखादा प्रसंग आठवतो, पात्राच्या तोंडचे एखादे वाक्य आठवते. नाव आणि लेखक मात्र काही केल्या आठवत नाहीत. अशा वेळी बहुतेक जण नाव आठवण्यासाठी डोके खाजवत बसतात आणि काही दिवसांनी नाद सोडून देतात. वास्तविक लहान मूल पुस्तकाच्या नावाकडे फारसे लक्षच देत नाही. त्याच्या मनात ठसतात ते तपशील, आणि पुस्तकापर्यंत पोहोचायचे ते त्या तपशिलांच्याच आधाराने.

आधी आठवणी कागदावर उतरवा

इंटरनेटवर काहीही शोधण्यापूर्वी जे जे आठवते ते लिहून काढावे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण जुन्या पुस्तकांची मुखपृष्ठे एकामागून एक पाहू लागलात की त्यांतले रंग आणि चित्रे तुमच्या आठवणीत मिसळतात, आणि मग मुळात काय आठवत होते हे सांगता येत नाही. लिहिताना तीन रकाने करावेत: पक्के आठवते ते, अंधुक आठवते ते आणि ‘असे असावे’ म्हणून तर्काने जोडलेले. तिसऱ्या रकान्यावर सर्वांत कमी भिस्त ठेवावी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला देऊन नंतर ती आठवून लिहायला सांगितली होती. त्यांच्या लेखनात अपरिचित गोष्टींची जागा परिचित गोष्टींनी घेतली. मूळ कथेतल्या ‘कनू’च्या (वल्ह्यांनी चालवायच्या निमुळत्या होडीच्या) जागी साधी ‘बोट’ आली. तुमच्या आठवणीतही असेच घडले असण्याची शक्यता धरूनच चालावे.

कोणता तपशील उपयोगी आणि कोणता निरुपयोगी, हे ओळखणे ही या शोधातली खरी कळ आहे. ‘अनाथ मुलगी शेवटी सुखी होते’ ही कथा शेकडो पुस्तकांत सापडेल. पण मुलगी दीपगृहात राहते, तिच्याकडे एका पायाचा समुद्रपक्षी येतो आणि ती किल्ल्या बिस्किटाच्या डब्यात लपवते, असे तीन तपशील एकत्र असलेले पुस्तक क्वचितच दुसरे निघेल. म्हणून कथानकाचा सारांश लिहिण्यापेक्षा विचित्र आणि अनावश्यक वाटणाऱ्या गोष्टी आधी लिहाव्यात. पुस्तक वस्तू म्हणून कसे होते तेही नोंदवावे: आडवे की उभे, कडक पुठ्ठ्याचे की पातळ, चित्रे रेषांची की रंगीत, छपाई एकाच रंगातली की दोन. मुखपृष्ठाचा रंग ठळक आठवतो, पण तो फार धरून बसू नये, कारण नव्या आवृत्तीबरोबर मुखपृष्ठ अनेकदा बदलते.

काळाचा अंदाज बांधताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुस्तक तुम्ही ज्या वर्षी वाचले, त्या वर्षानंतर ते निघालेले नसणार, एवढेच खात्रीने म्हणता येते. मुलांच्या हाती मोठ्या भावंडांची, आईवडिलांची आणि ग्रंथालयातली जुनी पुस्तकेही येतात, त्यामुळे शोध तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून सुरू करावा लागतो.

माणसांना विचारा, पण उत्तर सुचवू नका

भावंडे, जुने मित्र, शाळेतले शिक्षक यांना अवश्य विचारावे, मात्र प्रत्येकाला वेगवेगळे गाठून. ‘दीपगृहातल्या मुलीचे पुस्तक आठवते का?’ असे विचारले की समोरचा माणूस सद्भावनेने हो म्हणतो आणि तुमचेच तपशील तुम्हाला परत देतो. त्याऐवजी ‘आपण लहानपणी कोणती पुस्तके वाचायचो?’ असे मोकळे विचारून थांबावे. दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच तपशील सांगितला, तर तो पक्क्याच्या रकान्यात नेण्यास हरकत नाही.

तालिकांमध्ये शोध

आता पुस्तकांच्या तालिकांत, म्हणजे सूचींत, शोध घ्यावा: वर्ल्डकॅट (जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची), इंटरनेट अर्काइव्ह आणि गूगल बुक्स (स्कॅन केलेल्या पुस्तकांचे ऑनलाइन संग्रह) यांसारख्या ठिकाणी. पूर्ण वाक्य टाकण्याऐवजी दोनतीन दुर्मीळ शब्द टाकावेत आणि समानार्थी शब्द आळीपाळीने वापरावेत: दीपगृह, दीपस्तंभ. देवनागरीतल्या पुस्तकांसाठी ऱ्हस्वदीर्घाचे आणि अनुस्वाराचे पर्याय करून पाहावेत, तसेच शीर्षक रोमन लिपीतही शोधावे, कारण अनेक मोठ्या ग्रंथालयांच्या तालिकांत नोंदी रोमन लिप्यंतरात असतात. स्कॅन केलेल्या पानांवरचा मजकूर संगणक वाचतो तेव्हा जोडाक्षरांत हमखास चुका होतात. म्हणून जोडाक्षरे नसलेला शब्द निवडला तर सापडण्याची शक्यता वाढते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला दिला जाणारा ओळख क्रमांक. त्याची पद्धत १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि २००७ पासून तो तेरा अंकी झाला. १९७० पूर्वीच्या पुस्तकांवर हा क्रमांक बहुधा नसतोच, आणि म्हणूनच केवळ क्रमांकावर चालणाऱ्या विक्रीच्या संकेतस्थळांवर जुने पुस्तक दिसले नाही, तर ते कुठेच नाही असे समजू नये.

इथेही हाती काही लागले नाही, तर मूळ गृहीतकच तपासावे. आपण ज्याला पुस्तक समजतो ती एखाद्या मासिकातली, संग्रहातली किंवा पाठ्यपुस्तकातली एकच गोष्ट असू शकते. ते भाषांतर असू शकते, ज्यात पात्रांची नावे बदललेली असतात आणि मूळ शीर्षक फक्त मुद्रणाचा तपशील देणाऱ्या पानावर बारीक अक्षरांत असते. कधी दोन पुस्तके मनात एक झालेली असतात. तेव्हा कागदावरचे तपशील दोन गटांत विभागून प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घ्यावा. चित्रांची शैली स्पष्ट आठवत असेल तर चित्रकाराच्या बाजूने जावे. त्या शैलीतले दुसरे कोणतेही पुस्तक मिळाले, की चित्रकाराचे नाव कळते आणि त्यावरून त्यांची इतर पुस्तके काढता येतात. माझ्या मते हा मार्ग फार कमी लोक वापरतात, आणि तो वापरायलाच हवा.

बालविभागातल्या अनुभवी ग्रंथपालाची मदत घ्यायला संकोच करू नये. त्यांच्याकडे जाताना आपला कागद, वाचल्याचा साधारण काळ, भाषा आणि आतापर्यंत काय काय शोधून झाले याची नोंद बरोबर न्यावी.

सापडले, पण तेच का?

यासाठी एक पक्का तपशील सुरुवातीपासून राखून ठेवावा आणि शोधताना तो कुठेही वापरू नये. पुस्तक समोर आले की तो तपशील त्यात आहे का ते पाहावे. असला तर पुस्तक तेच, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. नसला तर घाई न करता ते फक्त ‘संभाव्य’ म्हणून टिपून ठेवावे.

जुनी प्रत विकत घेताना विक्रेत्याकडून मुद्रणाच्या पानाचे आणि आतल्या एखाद्या चित्राच्या पानाचे छायाचित्र मागावे. त्याच नावाची संक्षिप्त आवृत्ती, नव्याने काढलेली चित्रे किंवा बदललेले भाषांतर घरी आले, तर होणारी निराशा मोठी असते, कारण आपल्याला हवे असते ते तेच पान, तेच चित्र.

प्रत हाती आल्यावर ती आधी इतर पुस्तकांपासून वेगळी ठेवून बुरशी आणि कसर तपासावी. लाकडाच्या लगद्याचा जुना कागद आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून पुस्तक पूर्ण सपाट उघडू नये, उन्हात ठेवू नये आणि फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. तिचा गोंद कालांतराने कागदावर कायमचा डाग पाडतो. मूल वाचणार असेल, तर पुनर्मुद्रण उपलब्ध आहे का ते पाहून ते त्याच्या हाती द्यावे आणि जुनी प्रत त्याच्या शेजारी बसून दाखवावी.