चित्रपट-दूरचित्रवाणी धोरणाचा मसुदा कसा वाचावा?

देशी चित्रपट, दूरचित्रवाणी आणि प्रसारण यांना पाठबळ देणाऱ्या सरकारी धोरणाचा मसुदा हाती आला की बहुतेक जण आधी अनुदानाचा आकडा शोधतात. खरे तर पहिले वाचन व्याख्यांच्या कलमाचे करावे, कारण ‘देशी’ कशाला म्हणायचे हे जिथे ठरते, तिथेच पैसे कोणाला मिळणार हेही ठरून जाते.

व्याख्या नुसती वाचू नये. गुण मांडून पाहावी. कॅनडात करसवलतीच्या प्रमाणपत्रासाठी निर्माता आणि खर्च यांविषयीच्या अटींखेरीज १० पैकी किमान ६ गुण लागतात. दिग्दर्शक व पटकथालेखक यांचे प्रत्येकी २, तर दोन प्रमुख कलावंत, छायालेखक, कलादिग्दर्शक, संकलक आणि संगीतकार यांचा प्रत्येकी १. समजा, पटकथालेखक, एक प्रमुख कलावंत आणि कलादिग्दर्शक परदेशी आहेत, तर नेमके ६ गुण उरतात. संगीतकारही बाहेरचा घेतला की अर्ज ५ वर अडतो. हे गुण माणसांना आहेत, कथानकाला नाहीत. ब्रिटनच्या सांस्कृतिक चाचणीत मात्र ३५ पैकी १८ गुण लागतात आणि त्यांत कथेचे स्थळ, पात्रे व भाषा हेही मोजले जातात.

त्यानंतर निधीचा उगम पाहावा. अर्थसंकल्पातील तरतुदीला कधीही कात्री लागू शकते. फ्रान्समध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे चित्रपटगृहाच्या तिकिटावरील १०.७२ टक्के कर जातो. म्हणजे परदेशी चित्रपटाला झालेली गर्दीही देशी निर्मितीच्या कामी येते, आणि मला तरी ही रचना सर्वांत हुशारीची वाटते. करसवलत असेल, तर ती बहुधा खर्च झाल्यावर हाती पडते, हे निर्मात्याने विसरू नये.

राखीव वाट्याच्या कलमात माप कशाचे आहे, ते तपासावे. दक्षिण कोरियात चित्रपटगृहांवरील देशी चित्रपटांचे बंधन दिवसांत मोजले जाते. वर्षाला १४६ दिवसांचे हे बंधन २००६ मध्ये ७३ दिवसांवर आले. ओटीटी सेवांना दिवसांचे माप लागू पडत नाही, म्हणून युरोपीय संघाच्या २०१८ च्या निर्देशात त्यांच्या संग्रहात किमान ३० टक्के युरोपीय कलाकृती असाव्यात, असे म्हटले आहे. पण संग्रहात तळाशी पडून राहिलेली मालिका कोण पाहणार? म्हणून त्याच निर्देशात अशा कलाकृतींना ठळक स्थान देण्याचीही अट आहे. आपल्या मसुद्यात ही दुसरी अट नसेल, तर कलम क्रमांकासह ती लेखी हरकतीत मागावी.