जुन्या बंदुकांची नोंद पेन्सिलीने ठेवा
कोकणच्या पावसाळी दमट हवेत शाईच्या चिठ्ठ्या फुटतात आणि कुठली ठासणीची (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक कुणाकडून आली, ते कळेनासं होतं. जाड कागदावर पेन्सिलीने क्रमांक लिहून सुती दोऱ्याने चापाच्या कडीला बांधा, सेलोटेप नको. वहीत त्याच क्रमांकापुढे लांबी, आलेली तारीख, परवाना किंवा परवान्यातून सवलत असल्याचा कागद.

नळीवरची पुसट अक्षरं घासू नका. अंधारात टॉर्च अगदी आडवी धरून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.

मोजण्याआधी मात्र तोंडासमोर न येता लाकडी काठी नळीत अलगद सोडा, किती आत गेली तिथे खूण करा, मग तीच नळीला बाहेरून लावून बघा. काठी टोपीच्या (दारू पेटवणाऱ्या छोट्या केपेच्या) जागेच्या बरीच अलीकडे अडली, तर आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, असू शकतो. जुनी दारूही पेटते! परवानाधारक कारागिरालाच बोलवा.